मानेतला तांदळाएवढा ठिपका

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आले एकदाची. सकाळी साडेसहाला मयूर विहारहून निघाले, मेट्रोने गुरुग्राम, तिथे पीजीत बॅगा टाकल्या आणि संस्थेच्या बसने मानेसर. बसवाल्याने धुक्यात दोनदा वळण चुकवलं, पण मी इतकी खुशीत होते की त्याचीही गंमतच वाटली. पद्मजा काकूंनी दिलेली थालीपिठं बसमध्येच संपवली.

केंद्र नवंकोरं आहे. आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि मध्येच आमची काचेची इमारत. डॉ. शिवांगी प्रमुख आहेत. भराभर बोलतात, ऐकतात जरा कमी. टेक्निशियन गौरव स्वभावाने गोड आहे, दर वाक्याला टेन्शन मत लो म्हणतो.

धमनीत चरबीचा थर साचतो हे आता सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण खरा धोका थराच्या जाडीत नसतो. आतल्या पेशी मरायला लागल्या की थर मऊ पडतो, फुटतो आणि गुठळी मेंदूत जाते. मरणारी पेशी आपल्या आवरणाच्या आतली एक चरबी बाहेरच्या बाजूला आणते. त्या चरबीला चिकटणारं एक प्रथिन असतं. त्याला किरणोत्सारी खूण लावून शिरेतून सोडायचं, की जिथे मरण चालू आहे तिथे कॅमेऱ्यात नारिंगी ठिपका उजळतो. आठ वर्षं मी हे सशांमध्ये पाहिलं. आता माणसांत पाहणार.

त्या माणसांत जयंत काका आहेत, हेही लिहून ठेवते. बाबा गेल्यावर माझं सगळं शिक्षण या माणसाने केलं. ऑक्टोबरमध्ये त्यांचं तोंड दहा मिनिटं वाकडं झालं होतं. हृदय कमजोर, म्हणून मानेचं ऑपरेशन करायला कोणी तयार नाही. इथल्या अकरा पेशंटांत त्यांचं नाव मीच घालायला लावलं.

बुधवार, ८ जानेवारी

इथे एक प्रथा आहे. प्रत्येक पेशंटचा आकडा एका निरोगी माणसाशी ताडून काढतात, आणि तो निरोगी माणूस म्हणजे स्टाफमधला जो सगळ्यात नवा असेल तो. त्याला ‘जीरो’ म्हणतात. आज मी जीरो झाले. फॉर्मवर सही केली, यंत्राच्या लांब पांढऱ्या टेबलावर झोपून स्कॅन झाला, बाहेर आल्यावर टाळ्या आणि समोसे. गौरव आता मला जीरो मॅडमच म्हणतो.

माझ्या मानेचं चित्र अगदी स्वच्छ आलं. एकतिसाव्या वर्षी यायलाच हवं. मी त्याचा प्रिंट काढून टेबलासमोर लावला. सशांनंतर निदान एका माणसाची मान तरी मला पाठ असावी.

मंगळवार, २८ जानेवारी

डोकं फिरायची वेळ आलीय. प्रत्येक पेशंटचे दोन आठवड्यांच्या अंतराने दोन स्कॅन करायचे, आणि दोन्ही सारखे आले म्हणजे आमची पद्धत भरवशाची, एवढा साधा हिशेब. मधे कोणालाही नवं औषध नाही. तरी दुसऱ्या स्कॅनमध्ये एकजात सगळे सुधारलेले. डॉ. शिवांगी म्हणाल्या की मोजमाप तू करतेस, चूक तूच शोध. तीन दिवस शोधतेय. चूक नाही. आकडे नीट आले असते तर कोणी विचारलंही नसतं.

काकाही सुधारलेत. शास्त्रज्ञ म्हणून वैतागले आणि पुतणी म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले. रविवारी ते घराजवळच्या संजय झीलला दोन फेऱ्या मारून आले. काकूंनी श्रीखंड केलं होतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवटचा उपाय म्हणून जीरोची, म्हणजे माझी फाइल उघडली. मानेच्या डाव्या बाजूला, जिथे धमनीला दोन फाटे फुटतात तिथे, तांदळाएवढा नारिंगी ठिपका.

समोरच्या प्रिंटमध्ये तो नाही. फाइल तीच, तारीख तीच, ८ जानेवारी. माझ्या अंगातला किरणोत्सार दोन दिवसांतच संपला होता आणि त्यानंतर मी त्या यंत्राजवळही गेले नाही.

गौरव म्हणाला, मॅडम, कलर स्केल बदल गया होगा, टेन्शन मत लो. स्केल बदललेलं नाही, हे मी त्याला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो चहा आणायला गेला. यंत्राच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कंपनीचा इंजिनिअर फोनवर चाळीस मिनिटं होता. त्याचं म्हणणं, ८ जानेवारीनंतर फाइलला कोणी हात लावलेला नाही, सबब तक्रार बंद. मी म्हटलं की ठिपका कालच्यापेक्षा मोठा आहे. त्याने मला आजच्या सेवेला किती गुण देणार ते विचारलं.

मग चिडून जेवणाच्या सुट्टीत गुरुग्रामला जाऊन मानेची सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टरांनी एकच जागा चार वेळा पाहिली. डावीकडे मऊ थर आहे. घरात कोणाला पक्षाघात झालाय का, सिगारेट ओढता का, वय नक्की एकतीसच ना.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अकरा पेशंटांत जेवढं कमी झालं त्याची बेरीज केली. माझ्या फाइलमध्ये जेवढं वाढलंय तेवढीच आली. तीन वेळा केली. मग ती आकडेमोड घेऊन डॉ. शिवांगींकडे गेले. त्या म्हणाल्या की अकराच माणसं आहेत, योगायोग असू शकतो, आणि बेटा, तू थोडी झोप घे.

कोणी ऐकत नाही म्हणून एक करून पाहिलं. एका पेशंटचे आकडे माझ्या जीरोपासून तोडले, म्हणजे नुसतं त्याच्या नावापुढचं टिकमार्क काढलं. कारखान्यातला फोरमन, पन्नाशीचा, हसरा माणूस. संध्याकाळी माझा ठिपका थोडा बारीक झाला होता. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फोरमन रविवारी सकाळी दाढी करताना कोसळला. उजवी बाजू गेली. बायको फोनवर सांगत होती की आठ दिवसांपूर्वी तर तुम्हीच रिपोर्ट चांगला म्हणालात.

मीच टिकमार्क काढलं होतं. ते मी परत लावलं. त्याने काहीही झालं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आता कळलं, आणि कळून उपयोग शून्य. माझी फाइल उडवली तर ज्याचं त्याच्याकडे परत जाणार. काकांचंही. ठेवली तर सगळ्यांचं माझ्या मानेत. काकांचा फोन आला होता. होळीला पुरणपोळी तूच लाटायचीस म्हणाले. आवाज किती ठणठणीत. मी हो म्हटलं.

आज उजव्या हाताची दोन बोटं थोडा वेळ बधिर होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सोनोग्राफीचा कागद नेऊन डॉ. शिवांगींच्या टेबलावर आपटला. या वेळी त्यांनी ऐकलं, पूर्ण वाचलं. आणि म्हणाल्या की मग तू निरोगी नाहीस, म्हणजे जीरो म्हणून चालणार नाहीस. बुधवारी नवी मुलगी येतेय, कृतिका. तिला जीरो करू आणि तुझी फाइल बदलू. इतकं सोपं तर आहे, बिल्कुल घाबरू नकोस. वर मला हृदयरोगतज्ज्ञाचा नंबर दिला, गोळ्या आजपासून घे म्हणाल्या.

माझी फाइल जाईल, पण जागा रिकामी राहणार नाही, तिची येईल. काका सुरक्षित. मी सुरक्षित. सगळं त्या मुलीच्या मानेत.

थँक यू मॅडम म्हणून बाहेर आले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कृतिकाने फोन केला, कागदपत्रं कोणती आणायची विचारायला. वय तेवीस. दिल्लीतच वाढलेली, मराठी मोडकं, मधे मधे शब्द अडतात. मला ताई म्हणाली. ताई, जीरोवालं काय असतं, दुखतं का.

नाही म्हटलं.

मला जगायचंय. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. कोणाला सांगितलं तरी टेन्शन मत लो-च ऐकणार, मग मी एकटीनेच का—

गोळी घेतली. उजवा हात जड.

बुधवार, १९ फेब्रुवारी, सकाळी ११

आली. पिवळा स्वेटर. सगळ्यांसाठी घरून करंज्या आणल्यात. फॉर्मवर सही करतेय, काचेतून दिसते. समोसे मागवलेत.

नाही. हे नाही करायचं. काकांनी मला यासाठी नाही शिकवलं. जाऊन सांगते. फाइल माझीच राहू दे—

११.२०

गेले. तोंड उघडलं आणि भलतंच आलं. फॉर्म म्हणायचं तर वाटी म्हणाले. परत वाटी. पुन्हा वाटी. कृतिका हसली, मग हसायची थांबली, पाण्याचा ग्लास दिला. हातातून पडला. गौरव म्हणाला मॅडम थक गयी हैं, इथे खुर्चीत बसवून गेला. शिवांगींना बोलावतो म्हणाला. लंचनंतर.

दोन दिवस होते माझ्याकडे. दोन दिवस नीट बोलता येत होतं.

बोलता येत नाही तर लिहून दाखवते. डाव्या हाताने लिहितेय—

कृतिका, तुला आत नेतील. मी पण गेले होते. सही केलीस तरी परत घेता येते. त्या लांब

त्या पांढऱ्या

नाव येत नाही. रोज बघते. इतका राग येतो, रोज बघते आणि नाव

कृतिका त्याच्यावर तू

आतून गौरव हाक मारतोय. तुझं नाव. थांब. उठू नको, मी अजून लिहि