शकीला बीचा उजवा डोळा

सोम., ९ ऑक्टो. २००६
आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या अकोला शाखेची सगळी माहिती सीडीवर आली. आता अमरावतीचे, अकोल्याचे पेशंट एकाच प्रोग्रामात. नेत्रपेढीचा भागही जोडला. कोणाला बुबुळ बसवलं ते नाव टाकलं की दिसतं. मी केलेलं काहीतरी खरंच चालतंय! दुपारी लाइन गेली. यूपीएस ओरडत बसला.

बुध., ११
एकच माणूस दोनदा नोंदला गेलाय, अशा नोंदी शोधतेय. स्पेलिंग कोणी कसंही करतं. शकीला बी, पातूर. आपल्याकडे: उन्हाळ्यात उजव्या डोळ्यात बुबुळ बसवलं. डावा लहानपणीच गेलेला. पावसाळ्यापासून तपासणीला आलीच नाही. अकोल्याकडे: परवाच्या शनिवारी पातूरच्या शिबिरात, 'उजवा डोळा लाल, थेंब दिले.' तिथं ऑपरेशनचं बोललीच नाही.
डॉक्टर मॅडमना दाखवलं. चहा तसाच राहिला. "शरीर ते बुबुळ नाकारतंय, सुजाता. लगेच आली तर वाचेल. साध्या थेंबांनी काही होत नाही. बोलाव तिला."

गुरु., १२
नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकानदार: "ते बाई मशीनवर बसली असन. सांगतो तिले."

शुक्र., १३
आली नाही.

शनि., १४
अकोल्याला प्रोग्राम बसवायला जायचंच होतं. ते उरकून पातूरची एसटी धरली.
शकीला बी शिवणयंत्रावर. ईदचे, दिवाळीचे कपडे, नुसता ढीग. बाजूला सून काज करत होती.
"ईद झाली का येतो ना, बेटा. आता कशी उठू?"
"चाची, नीट दिसतं का?"
"दिसते ना."
तेवढ्यात सुईतून दोरा निसटला. तिनं तोंडात ओला केला, ओवायला गेली, चुकली. परत. परत. सून बघत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.
"धुकं हाय," चाची शेवटी म्हणाली. "सांगतलं असतं तं लोकायनं कपडे वापस नेले असते." मग अगदी हळू, "मेलेल्या माणसाची अमानत हाय हा डोळा. तेबी मले सांभाळता नाही आली."
सून पुढं सरकली. "अम्मी, तुमी जा. मी शिवतो."
"तुले कुठं येते?"
"शिकन."

रवि., १५
रात्री तिथंच राहिले. पहिल्या गाडीनं चाचीला घेऊन अमरावती. रविवार असून मॅडम आल्या. दाखल केलं. दर तासाला औषधाचा थेंब. रोजे चालू आहेत, चालेल का, म्हणून मी घाबरत विचारलं, तर तीच म्हणाली, "बिमार माणसाले माफी असते, पोरी. टाक."

मंगळ., १७
बुबुळ बसवलेल्यांपैकी कोणी तपासणी चुकवली तर दुसऱ्याच दिवशी प्रोग्रामात नाव वर येईल, असं केलं. शिबिराला जाणाऱ्या डॉक्टरांसाठी त्या नावांची छापील यादी. मॅडम: "चाचीमुळं झालं हे." हो. पण तिचा डोळा...

शुक्र., २०
लाली कमी. धुकं तसंच. सून दुकानातून फोन करते. एक सदरा उलट्या बाहीचा शिवला म्हणे. चाची चिडली, मग हसत सुटली.

बुध., २५
ईद. चाचीला घरी सोडलं नाही. सूनच आली, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. ढीग संपला, कोणी कपडे परत नेले नाहीत. चाचीनं ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.
मग म्हणाली, वाढणार मीच. पहिला कप भरताना काठाशी बोट लावून ठेवलं, आंधळी माणसं लावतात तसं. तो मला. दुसरा भरताना बोट काढलं. थोडं बशीत सांडलं.
मॅडमनी वाकून विचारलं, "दिसला काठ?"
"दिसल्यासारखा वाटला."
मॅडमनी तो दुसरा कप घेतला, तिच्याच खाटेवर बसून प्यायल्या.