लॉनमागचा धूर

चेतन,

मी आत्ता महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन राहिली. दीप्तीही संगं आहे. मी तिले म्हटलं नव्हतं, तुही बायको स्वतःहूनच निघाली. फोन करू नको, मी उचलणार नाही.

काल आपल्या लॉनवर गिऱ्हाइकाचं लग्न उरकल्यावर तू पुन्हा मागं थर्माकोलच्या प्लेटा पेटवल्या. मी अडवलं, तर म्हणाला, "आपलं लॉन, आपली जागा, कोणाले काय?" आज सकाळी शेजारच्या धनश्रीच्या लेकराले श्वास घेता येईना, दवाखान्यात भरती करावं लागलं.

उघड्यावर कचरा जाळायले कायद्यानं बंदी आहे. ओला-सुका वेगळा करून गाडीत द्यायचा, एवढंच काम होतं. "आई, तुले धंद्यातलं समजत नाही," असं तू नेहमी म्हणतो. नसन समजत. पण लेकराचं धापा टाकणं मले समजते.

जेवून घे, भाजी झाकून ठेवली आहे.

तक्रार तुह्याच विरोधात देऊन राहिली. साहेबानं विचारलं, "हा तुमचा कोण?" तर मान खाली घालणार नाही. माहा पोरगा आहे, म्हणूनच आली, असं सांगीन.

आई