तीन महिन्यांची मुदतवाढ

दि. १९ नोव्हेंबर १९७१

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचं पत्र आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा स्वतः चष्मा लावून बसली. मी उतरायचं आणि तू चढायचं, अशी आपली गाठ! पण नियमच तसा आहे. परक्या कामगाराने त्यांच्या देशात दोन वर्षं राबायचं आणि मुळं धरायच्या आत घरी जायचं. फोरमन भला माणूस म्हणून त्याने माझ्या जागी तुझं नाव घातलं. आता दोन वर्षं तू, मग दोन वर्षं मी.

माझीच खाट मिळाली ना? खिडकी नीट लागत नाही, फटीत कागद कोंब. ओतकामाच्या साच्याची वाळू मुठीत दाबून मोडून बघ. कड सरळ तुटली तर वाळू जमली, भुगा झाला तर फोरमन बघायच्या आत पाणी मार. तो ओरडतो खूप, पण मनात ठेवत नाही. तुझी वहिनी विचारते, तिथे तरी सकाळी स्वतः उठतोस की शेजारचा पाय धरून ओढतो?

प्रकृतीला जप आणि पत्राचा कंटाळा करू नकोस.
तुझा,
दादा

दि. ९ ऑक्टोबर १९७३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इथे थंडी लवकर पडली आहे. माझं काम बरं चाललंय. मागच्या आठवड्यात माझे एकवीस साचे लागोपाठ पास झाले. फोरमन म्हणाला, भावाच्या निम्मा तरी झालास.

एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते आणि तुझी सुरू होते. पण कारखान्यात मोठी ऑर्डर आली आहे. हातातलं काम अर्धवट सोडू नये म्हणून मला तीन महिने वाढवून देतायत. तुझी हरकत नसेल तर तू फेब्रुवारीत यावंस. तीनच महिन्यांचा प्रश्न आहे. नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही.

आईला आणि वहिनीला नमस्कार. उत्तर लवकर पाठव.
तुझा,
बारक्या

दि. २४ ऑक्टोबर १९७३

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

खरं सांगू, पत्र वाचून जरा हिरमुसलो. ट्रंक भरून झाली होती, पंप दुरुस्तीच्या दुकानातून निरोप घेऊनही झाला होता. मालकाला परत विचारलं तर तो हसत म्हणाला की पाना अजून खिळ्यालाच टांगलाय. म्हणजे काळजी नाही. तू राहा. काम अर्धवट टाकून येऊ नये हे मीच तुला शिकवलं, आता कुठल्या तोंडाने बोलावू? तीन महिने म्हणजे काय, बोलता बोलता जातील.

सांभाळून राहा.
तुझा,
दादा

दि. १७ जानेवारी १९७४

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

माझा पासपोर्ट शिक्का न मारता परत आला. नवी भरती बंद झाली म्हणे. वकिलातीत खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, पुन्हा कधी सुरू होईल, तर त्याने खांदे उडवले. जे आत आहेत त्यांना वर्षावर्षाने वाढवून देणार, पण बाहेर पडला त्याला परत घेणार नाहीत असं तो म्हणाला.

म्हणून मुद्दाम लिहितो. आई रडून पत्र लिहायला लावेल, तू ये म्हणेल. तू हलू नकोस. आपल्या दोघांची ती एकच जागा आहे, निदान ती तरी राहू दे. तू मनाला लावून घेऊ नकोस, यात तुझा काय दोष?

ख्यालीखुशाली कळवत जा.
तुझा,
दादा

दि. २ मे १९८१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा मला इथे कायमचं राहण्याचा शिक्का मिळाला. आता जाता येईल, परत येता येईल. आई गेली तेव्हा हा शिक्का असता तर, असं चार वर्षं घोकतो आहे.

दादा, त्या ऑक्टोबरात मोठी ऑर्डर नव्हती. ऑफिसातल्या टाइपिस्ट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की भरती बंद होणार, त्या दिवशी जो आत असेल तोच राहील. मी फोरमनकडे जाऊन तीन महिने मागून घेतले. त्याने विचारलं, भावाला हे माहीत आहे का. मी हो म्हणालो.

तो गेल्या महिन्यात निवृत्त झाला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुझा भाऊ आला असता तर माझी खुर्ची त्यालाच दिली असती. त्यानंतर मला जेवण जाईना.

माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? जे असेल ते लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही.
तुझाच,
बारक्या

दि. २० सप्टेंबर १९८१

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

उत्तराला साडेचार महिने लागले, त्यात पोस्टाचा दोष नाही. बरेच दिवस घरात तुझं नाव काढलं नाही. मग तुझ्या वहिनीला पत्र दिलं. ती वाचून मोरीवर गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

मला तिकडचं सुख हवं होतं अशातला भाग नाही. मला ते काम हवं होतं. साचा फोडला आणि आतलं कास्टिंग पहिल्याच खेपेला नितळ निघालं, की छाती कशी भरून येते हे तुला ठाऊक आहे. इथे पंपाचे वायसर बदलताना मी आठ वर्षं नशिबाला दोष दिला. नशीब बिचारं निर्दोष निघालं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी तुला कळवलं असतं. मोठेपणा म्हणून नाही, खूप उलटसुलट विचार करून लिहितो आहे. दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल.

पण माझंही एक ऐक. आईने शेवटच्या आजारात तुला बोलवायचा हट्ट धरला होता. तार मी केली नाही. तू हललास तर जागा जाईल, असं तिला समजावत बसलो. तिने ऐकलं. आता ते कुणाला सांगू?

तू ये. माफ केलं असं लिहायला हात उचलत नाही, आणि ते पत्रात लिहून होण्यासारखंही नाही. समोर बसलास तर बघू. कधी निघतोस ते कळव, न्यायला मी एकटाच येईन.

लोभ आटलेला नाही, दुखावला आहे.
तुझा,
दादा