धार जाईल तिकडे हद्द

मी, देवजी राघो घरत, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती, राहणार कोंडेवाडी, धसईजवळ, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझा मुलगा कमळाकर म्हणेल, म्हाताऱ्याला चळ लागला होता. म्हणून धसईच्या वैद्यांना शेजारी बसवले आहे. ते पान खात आहेत आणि माझी नाडी ठीक आहे.

कलम १. नदीकाठची जमीन माझ्या स्वकष्टाची आहे, वडिलोपार्जित नाही. नदीच्या वळणाने तिचे दोन भाग पडतात. वळणाच्या बाहेरचा काठ उंच, भाताचा. आतला निव्वळ रेती. मुलगी शकू विधवा होऊन माहेरी आली तेव्हा रीतीप्रमाणे वाटे मी पाडले आणि थोरल्याला आधी उचलू दिले. कमळाकरने भाताचा काठ उचलला. वर पंचांसमोर म्हणाला, "शकूला रेती ऱ्हाऊ द्या. भांडी घासाया होईल." धार जाईल तिकडे हद्द, हेही त्यानेच ठरवून घेतले. पुरात रेती वाहून जाईल आणि आपला काठ वाढेल, असा शहाण्याचा अंदाज होता.

पुढे तो आटगावला आगगाडीचे रूळ पाहून आला. "बाबा, सरळ असलं का सगळं टायमात जातं. वरची नदी नुसती येडीवाकडी हाय. सरळ करू."

मी म्हणालो, "अरे, वळणं घेत येते म्हनून दमते ती, नि गाळ टाकते. सरळ केलीस त धावंल. समोर तुझाच काठ हाय."

"तुमाला नाय कळायचं."

त्याने वरची दोन वळणे तोडून सरळ चर खणला. नदी टायमात आली. दोन पावसाळ्यांत त्याचा काठ खालून पोखरून आंब्यासकट घेऊन गेली. वळणाच्या आत पाणी संथ, तिथे गाळ टाकून गेली. आज शकूच्या रेतीवर वाल आणि वांगी आहेत. आता कमळाकर म्हणतो, वाटे नव्याने पाडा, नाहीतर तुमच्या मागे तिला हाकलीन. म्हणून हा कागद. नवे वाटे होणार नाहीत. आतला काठ, आज आहे तेवढा आणि पुढे वाढेल तेवढा, शकूचा.

कलम २. घराचा पुढचा भाग शकूला, मागचा कमळाकरला. मधली भिंत अगदी सरळ आहे, त्याला आवडेल.

कलम ३. पहारी, फावडी, घमेली कमळाकरला. त्याने चर बुजवून नदीला तिची वळणे परत द्यावीत, म्हणजे उरलेले शेत तरी वाचेल.

कलम ४. शेजारी नवसूने चर खणताना नारळ फोडला आणि पूर आल्यावर "मी आधीच बोललू व्हतू" म्हणाला. त्याला काहीही नाही.

कलम ५. शकू, भाऊ दाराशी येऊन रडेल. त्याला भाकर दे, जमीन देऊ नकोस. ही अट नाही, विनंती आहे. परवा तो ढासळलेल्या काठावर बसला होता, तेव्हा पहिल्या वांग्यांची टोपली तू त्याच्या बायकोकडे पोचवलीस. मी ओट्यावरून पाहिले. मला राग आला, आणि तुझ्या आईची फार आठवण झाली. बापाचे मृत्युपत्र मोडायला तुला कोर्टाची गरज लागणार नाही, हे जाणून सही करतो.

मुक्काम कोंडेवाडी, ता. ९ फेब्रुवारी १९४१
सही: देवजी राघो घरत

आमच्यासमोर सही झाली:
१. कोंडू रामू देसले, वैद्य, धसई, सही
२. वाळू कान्हा पारधी, डाव्या अंगठ्याची निशाणी