दहा मिनिटं पूर्ण

१८ फेब्रुवारी

सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तिकडची खुशाली विचारणार होते, पण कुठल्या तोंडानं विचारू ते कळेना. आईचे गुडघे कुरकुरतात. दादाची बदली टळली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू अजून तुझी आठवण काढतात, तुझ्यासारखं काजं कुणाला जमत नाही म्हणतात. माझं दुरुस्तीचं काम बरं चाललंय.

मी नुसतं दळण दळतेय. अडीच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तेही खुशाली कळवायला नाही.

मंगळवारी मला लॅबमधून बोलावणं आलं. तीच लॅब, जिथे तुझं रक्त तपासलं होतं. तिथलं रक्त तपासायचं यंत्र चालवणारा एक जुना कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी मी वेगवान करून दिला होता. जुना प्रोसेसर काढायचा आणि त्याच जागी नव्या प्रोसेसरचं छोटं कार्ड बसवायचं, म्हणजे अख्खा कॉम्प्युटर बदलावा लागत नाही. आता त्यांच्या दुसऱ्या शाखेतून तसलेच सहा, आपापल्या यंत्रांसकट, आले होते. त्यांना ते कार्ड चालेल का, एवढंच मला बघायचं होतं.

पहिल्या दोन कॉम्प्युटरांचे प्रोसेसर बोर्डाला कायमचे जोडलेले, ते निघणारच नव्हते. तिसऱ्यात कार्डावरच्या पंख्याला जागा नव्हती. चौथा उघडला, तर सगळं जुळत होतं. तिथल्या तपासनीसबाई म्हणाल्या, कार्ड लावण्याआधी याच्यावर एक नमुना घालून बघू, यंत्र धड आहे की नाही ते कळेल. नमुना किडनीच्या तपासणीचा होता. आकडा आला ३.९. म्हणजे किडनी बरीच बिघडलेली. मग त्याच बाटलीतलं रक्त त्यांनी मी कार्ड बसवलेल्या कॉम्प्युटरवर लावलं. आकडा आला १.२. म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही.

बाई म्हणाल्या, हा जुना बिघडलेला दिसतोय. मीही मान डोलावली.

खात्रीसाठी त्यांनी माझ्या कार्डाच्या कॉम्प्युटरवर ते पुन्हा लावलं. रक्तात औषध घातल्यावर रंग चढायला दहा मिनिटं थांबायचं असतं, मग यंत्र रंग मोजतं. मला काही काम नव्हतं म्हणून मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. पडद्यावर आलं, ‘दहा मिनिटं पूर्ण’. माझ्या घड्याळात तीन मिनिटं आणि दहा सेकंद झाली होती.

वहिनी, मला वाटलं माझंच घड्याळ बंद पडलं. मी ते कानाला लावून बघितलं.

त्या प्रोग्रॅमला वेळ कळतच नाही. तो मनातल्या मनात आकडे मोजतो, आणि ठरलेला आकडा आला की दहा मिनिटं झाली असं धरून चालतो. जुना प्रोसेसर सावकाश मोजायचा. माझं कार्ड तिपटीनं भराभर मोजतं. रंग चढायच्या आतच यंत्र तो मोजून मोकळं होतं. तीन वर्षं ते हेच करत होतं. आकडे कमी येतात अशी डॉक्टरांची कुरकुर एकदोनदा झाली, तेव्हा लॅबनं औषधाची बाटली बदलली. कार्डावर कुणाचा संशय गेला नाही. आणि मी? ते बसवल्यावर मी काय बघितलं, तर सुरू होतं का, तापतं का, प्रोग्रॅम उघडतो का. कागदावर ‘चालते’ लिहिलं आणि सही ठोकली.

मी नोंदवही मागितली. तुझं नाव शोधायला नाही, असं स्वतःला सांगत होते. कार्ड बसवल्यानंतर दोन महिन्यांनी तू आली होतीस. तुझा आकडा १.३.

त्या संध्याकाळचं तुला आठवत असेलच. पाय सुजलेले, दोन जिने चढलीस तर धाप लागायची. आई म्हणाली, रिपोर्ट चांगला आहे, आता नाटकं पुरेत. दादानं तो कागद तुझ्यापुढे धरला. मग तू माझ्याकडे वळलीस, कारण त्यातलं मला कळतं म्हणून. तू विचारलंस, “मशीन चुकू शकतं का गं?” मी ताटातून वर न बघता म्हणाले, “माणसं खोटं बोलतात वहिनी, मशीन नाही.” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

चार महिन्यांनी तू माहेरी निघून गेलीस. तिथे दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं आणि डायलिसिस सुरू झालं, तेव्हाही आम्ही इथे काय म्हणत होतो? तेव्हा नव्हतं, नंतर झालं. तो रिपोर्ट दादाच्या कपाटात होता. त्याच्या जिवावर आम्ही सगळे निवांत झोपत होतो.

लॅबच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कार्ड काढून टाक, झालं गेलं उकरून कुणाचं भलं होणार? मी कार्ड काढलं, पण काय झालं ते लिहून खाली सही केली. बाईंनी न विचारता माझ्या सहीखाली त्यांची केली. आता त्या नोंदवहीतून नावं काढतायत, चारशेच्या वर आहेत. प्रत्येकाला आणि त्याच्या डॉक्टरला आम्ही कळवणार आहोत. साहेबांनी अडवलं नाही. पहिलं पत्र तुझं.

घरी बुधवारी सकाळी सांगितलं. दादा कामाला निघाला होता, एक बूट पायात, दुसरा हातात. आईनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मधेच उठून आतल्या खोलीत गेली. दादा तसाच उभा. तो म्हणाला, “म्हणजे ती खरं सांगत होती.”

मी म्हटलं, “ती सांगतच होती, दादा. आपण यंत्राला विचारत बसलो.”

त्याला तुझ्याकडे यायचंय. येऊ का, हे तुला विचारायला त्यानं मला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते त्यानंच विचारायला हवं, आणि तू नको म्हणालीस तर तेही त्यानंच ऐकायला हवं.

आपल्या डॉक्टरांनाही भेटले. तेव्हाच औषधं सुरू झाली असती तर काय झालं असतं, असं विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण डायलिसिसशिवाय चार-सहा वर्षं निघाली असती. हे तुला कळवू की नको यावर मी दोन दिवस घालवले. पण तुझ्याबद्दलची गोष्ट तुझ्यापासून लपवणारी मी कोण? सह्यांचा कागद सोबत जोडलाय. तुझ्या डॉक्टरांना दाखव. कुणाला कोर्टात खेचायचं असेल तर त्यावर माझंही नाव आहे, ते वगळू नकोस.

माफी मागत नाही. ती मागितली की देण्याचं ओझं पुन्हा तुझ्याच अंगावर येतं.

तू ज्या नात्यानं म्हणू देशील, त्या नात्यानं
तुझी