फळ्यांच्या थप्पीमागे

रविवार, ९ मार्च
दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनीला नुसताच सांग, साष्टांग म्हटलं की तिला हसू येतं. ठकीला दोन्ही गालांवर एकेक पापा.

मी बरी आहे. खोकला गेला. खिडकीचं दार अजून बसत नाही, सुतार 'उद्या येतो' म्हणतोय त्याला तीन आठवडे झाले. पदवीदानाला तुम्ही सगळे येताय आणि तू त्यासाठी निळा शर्टही घेतलास, हे गेल्या आठवड्यात फोनवर ऐकलं. आईचं मागून चाललेलं बोलणंही ऐकलं. "खेळ शिकायला दोन वर्षं कॉलेजात? गल्लीत फुकट शिकली होती की!" आमच्या अभ्यासक्रमाचं नाव अजून घरात कुणाला धड सांगता येत नाही. समाजकार्य आणि मनोरंजन व्यवस्थापन, दोन्ही एकत्र. मामा तर विचारतो, "म्हणजे दुःखी लोकांना पत्ते पिसून द्यायचे का?" अगदीच चूक नाही म्हणा.

बँकेतली नोकरी सोडून तिशी उलटल्यावर पुन्हा वर्गात बसते म्हटलं तेव्हा माझ्या बाजूने तू एकटाच बोललास. "जाऊ द्या तिला. गल्लीत सगळ्यांना खेळवायची तीच. तिच्यामुळे मला कधी कुणी खेळातून वगळलं नाही." सगळ्यांसमोर म्हणालास. मी खाली मान घालून वाटाणे सोलत बसले होते, आठवतं?

पत्राचं कारण तेच आहे, पण तिथवर यायला मला जरा वळसा पडणार. चिडू नकोस.

मी जिथे प्रत्यक्ष काम शिकते त्या केंद्रात मोठ्या आजारातून उठलेले लोक सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. मधल्या वेळात त्यांना खेळतं ठेवायचं काम माझं. रोज एक तक्ता भरायचा. प्रत्येकाच्या नावापुढे तीनपैकी एक खूण: खेळले, नुसतं पाहिलं, नकार. तिथे एक शिंपीकाका आहेत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात कामातून गेला. दोन महिने ते 'नुसतं पाहिलं'मध्येच होते. मग एक दिवस डाव्या हाताने कॅरम खेळायला बसले. मला इतका आनंद झाला की राणी भोकाच्या तोंडाशी असताना मी नेम चुकवला. एकदा नाही, चारदा. काका जिंकले. मी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी स्ट्रायकर उचलून शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाले, "बाई, तीस वर्षं लोकांची मापं घेतलीत. पोट आत ओढून कोण उभं राहिलंय ते मला टेप लावायच्या आधी कळतं."

मी हसून काहीतरी सारवासारव केली.

"हरलो असतो तर उद्या पुन्हा आलो असतो," ते म्हणाले. "आता कशाला येऊ?"

तीन दिवस आले नाहीत. मी तक्त्यात 'नकार' लिहिलं, आणि लिहिताना तू डोळ्यांसमोर आलास.

आता सांगते. पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी सगळ्यांना एक निबंध लिहायला दिला होता. लहानपणी तुमच्या खेळातून कोण वगळलं गेलं? मी तुझ्यावर लिहिलं, दादा.

लपंडावात तुला कधी कुणी शोधू शकलं नाही, हे तू प्रत्येक लग्नकार्यात सांगतोस. तुझ्या डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट. तू लपायला निघालास की खण् खण् वाजायचा. ज्याच्यावर राज्य असेल त्याला डोळे न उघडता सांगता आलं असतं तू कुठे आहेस ते. जिन्याखाली बसलास की बूट बाहेर दिसायचा. आम्ही बघायचो आणि पुढे जायचो. तू लिंबूटिंबू होतास. शेजारच्या बारक्याला तो लिंबूटिंबू आहे हे माहीत होतं. तुला मात्र आम्ही कुणी कधी सांगितलं नाही.

निबंधात मी लिहिलं की आईने तसं बजावलं होतं. तेही खोटं. नियम माझा होता. मी आठ वर्षांची, तू अकराचा. आणि त्यात दयामाया काही नव्हती. तुझ्यावर राज्य आलं तर तुला कुणीच सापडणार नाही आणि डाव रेंगाळेल, म्हणून मी सगळ्यांना जिन्यात गोळा करून सांगितलं की दादाला शोधायचंच नाही.

आणि तो वखारीतला डाव. तुझा तीन तासांचा विक्रम.

त्या दिवशी पोहण्याचा नवा तलाव उघडला होता आणि मुलांना पहिल्या दिवशी फुकट सोडत होते. बुटामुळे तुला आत घेणार नाहीत, हे मीच ठरवलं. कुणाला विचारलंही नाही. तुला तोंडावर 'तू येऊ नकोस' म्हणायची हिंमत नव्हती, मग मी म्हटलं, चला, लपंडाव खेळू. तू वखारीत जाऊन फळ्यांच्या थप्पीमागे बसलास. मी शंभरपर्यंत आकडे मोठमोठ्याने मोजले, तुला ऐकू जावेत म्हणून. मग आम्ही सगळे पोहायला गेलो.

परत आलो तेव्हा तू खणखणत बाहेर येत होतास. केसांत लाकडाचा भुसा, गुडघा सोललेला, आणि तोंडभर हसू. "हरलात की नाही?" मी म्हटलं, "हरलो." तू माझ्या ओल्या केसांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "शोधून शोधून घाम फुटला वाटतं!"

मी हो म्हटलं. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.

यंदा आम्हाला पाण्यातले खेळ शिकवले. इथल्या तलावावर एक पोस्टमन येतो, पाय हुबेहूब तुझ्यासारखा. बूट काठावर काढून ठेवतो, पाण्यात उतरतो आणि मला सहज मागे टाकतो. पाण्यात बूट लागतच नाही, दादा. तू आम्हा सगळ्यांना खरोखरच हरवलं असतंस अशी एकच जागा होती, आणि मी तुला नेमकं तिथूनच बाहेर ठेवलं. काठावर बसून रडले त्या दिवशी. मॅडमना वाटलं, डोळ्यांत औषधाचं पाणी गेलं.

तो निबंध मॅडमना फार आवडला होता. पदवीदानाला वाटायच्या पुस्तिकेत पहिलाच छापणार होते. नाव कुठे नव्हतं, नुसतं 'माझा भाऊ'. तू शर्टाचं सांगितलंस आणि मी तशीच उठून छापखान्यात गेले, निबंध काढून घेतला. छापखानेवाला करवादला, मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. पण निघाला. म्हणजे आता तुला हे कळायचं काही कारणच उरलं नाही. तू निळा शर्ट घालून येशील, माझ्यासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवशील, आणि परतीच्या वाटेवर ठकीला तीन तासांची गोष्ट पुन्हा सांगशील.

छापखान्याच्या पायऱ्या उतरताना मला अगदी हलकं वाटलं, आणि शेवटच्या पायरीवर कळलं की मी पुन्हा तेच केलंय. बूट दिसला आणि पुढे गेले.

म्हणून लिहितेय. वहिनी म्हणेल, झाकली मूठ उघडायची काय गरज होती? कदाचित तिचंच बरोबर असेल. कदाचित मी माझं ओझं उचलून तुझ्या डोक्यावर ठेवतेय. तुझी आवडती गोष्ट मी मोडली आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. चुकले, दादा. तेव्हा चुकले, आणि पुढे प्रत्येक लग्नात तुझ्या गोष्टीला हसून मान डोलावली तेव्हाही चुकले.

शिंपीकाकांचं सांगायचं राहिलं. मी केंद्रातला कॅरम घेऊन त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली. त्यांनी खिशातून स्ट्रायकर काढून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी मी त्यांना सलग पाच डाव हरवलं. पाचव्या डावाला त्यांनी मला कसाई म्हटलं. दुसऱ्या दिवशी केंद्राचं कुलूप उघडायच्या आधी दारात उभे होते.

पदवीदान शुक्रवारी आहे. शनिवारी चार वाजता तलाव आमच्या केंद्रासाठी राखीव असतो. कुठे यायचं आणि यायचं की नाही, ते तू ठरव. फक्त हे वाचून लगेच फोन करू नकोस. तू म्हणशील, "अगं वेडे, लहान होतो आपण," आणि विषय संपवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी नीट राग येऊ दे. मला लिंबूटिंबू समजून सोडून देऊ नकोस, दादा. या खेपेला राज्य माझ्यावर येऊ दे.

तुझा बूट दिसूनही पुढे गेलेली,
भिंगरी