खालच्या माणसाचा शब्द

गुरुवार, अकरा तारीख
सकाळी

प्रिय धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. इथे सगळं ठीक. तुझी वहिनी शिवणाच्या कारखान्यात जाते, मी घरीच वेताच्या खुर्च्या विणतो. तुझी मुलगी आता सात वर्षांची होईल. तिला माझा पापा दे. कोणी दिला ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

कंबर धरली आहे, बसलं की उठवत नाही, शिंक आली की कळ डोक्यात जाते, असं तू लिहिलंस. गोळ्यांनी पोट बिघडलं आणि मशीनचा शेक परवडत नाही. शेवटी एकच ओळ : 'दादा, तू फुकटात उभा राहिलास. कसा?'

सांगतो.

पहिलं म्हणजे अंथरुणात पडून राहू नकोस. एखादा दिवस ठीक. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पाच आठवडे पडून होतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण 'आराम कर' म्हणायचा. पाच आठवड्यांनी मला मोरीपर्यंत जाता येईना. तपासणीला उचलून नेलं, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "झोपून बरी झालेली पाठ मी अजून पाहिली नाही. उठा."

"दुखतं," मी म्हटलं.

"दुखेलच. दुखणं वेगळं, मोडणं वेगळं."

तेव्हा चाल. थोडं, पण दिवसातून तीनदा. मी पहिल्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत गेलो. महिन्याने कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत. दारापासून दोनशे बारा पावलं. अजून रोज जातो, पेटीला हात लावतो आणि परत येतो.

शेकाला पिशवी विकत घेऊ नकोस. बाटलीत गरम पाणी भर, बूच घट्ट लाव, टॉवेलात गुंडाळ आणि वीस मिनिटं कंबरेखाली ठेव. बाटलीवर झोपून जाऊ नकोस. मी झोपलो होतो, डाग अजून आहे. एक जुना टेनिसचा चेंडू मोज्यात घाल, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धर आणि गुडघे हळूहळू वाकव. मणक्यावर नको, मणक्याच्या बाजूला. दुखरी जागा सापडली की शिवी येईल. येऊ दे, पण तिथेच थांब.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळ, पाय पलंगावरून खाली सोड, मग हातांनी अंग वर ढकल.

व्यायाम चार आहेत. पहिला : पाठीवर पडून गुडघे उभे ठेव आणि कंबर जमिनीला दाब, पाच आकडे मोजेपर्यंत. दुसरा : एक एक गुडघा छातीशी घे. तिसरा : तसाच पडून कुल्ले वर उचल आणि हळू खाली आण. प्रत्येक दहा वेळा, सकाळ संध्याकाळ. कळ पायात उतरू लागली तर तो व्यायाम बंद. चौथ्याचं शेवटी लिहितो.

एक गोष्ट नीट वाच. पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर यातलं काही करत बसू नकोस. त्याच तासाला दवाखाना गाठ. माझा डावा पाय अजून पूर्ण बरा नाही. चप्पल निसटली तरी त्याला कळत नाही. रस्त्यात कोणीतरी मागून ओरडतं, "अहो, चप्पल!" मग मी मागे जातो.

तुझ्या खुर्चीचं. दर अर्ध्या तासाने उठत जा. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेव. बैठक मी घट्ट विणली आहे. आता तू आत बुडणार नाहीस.

आपल्या टकल्या हमालाने तुला सांगितलं नसेल. गेल्या महिन्यात गोदामातली मुकादमाची खुर्ची खांद्यावर घेऊन तो माझ्या दारात आला. म्हणाला, "तुमच्या भावाने बसून बसून भोक पाडलंय. विणून द्या, पण तुम्ही विणली असं तिकडे नाही सांगत. उगाच कशाला." मी काम सुरू केलं आणि तो पायरीवर बसला. त्याला गप्प बसवत नाही, तुला माहीत आहे. म्हणाला, तू हमालांच्या नव्या जोड्यांना चांगलं शिकवतोस. पहिल्याच दिवशी जिन्यात उभं करतोस. एक वर, एक खाली, मध्ये रिकामं कपाट. आणि गोष्ट सांगतोस.

"कसली गोष्ट?" मी विचारलं.

"तुमचीच की. 'माझ्या दादानं घाई केली, वळणावरच टेकव म्हणाला. मी टेकवलं. खालचा माणूस घायकुता असला की असं होतं.' पोरं अशी गप्प होतात म्हणता!"

मी विणत राहिलो. दोन ओळी चुकल्या. त्या उसवून परत विणल्या.

धाकट्या, आपण अकरा वर्षं एका कपाटाची दोन टोकं धरली. खालच्या माणसाला पायरी दिसत नाही, त्याचे डोळे वरच्याकडे असतात. वरच्याला वजन कळत नाही, ते खालच्याच्या अंगावर असतं. म्हणून टेकव म्हणायचं ते खालच्यानेच. वरच्याने त्या शब्दाशिवाय हात काढायचा नाही. हे मी तुला शिकवलं होतं.

त्या दिवशी मी टेकव म्हणालो नाही.

तू हात काढलास आणि कपाट माझ्या अंगावर आलं. का काढलास ते मला माहीत आहे. वॉर्डात तू पलंगाशी उभा होतास. उजव्या हाताच्या दोन नखांखाली रक्त साकळलं होतं. माझी नजर गेली तसा तू हात खिशात घातलास. वळणावर कठडा आणि कपाट यांच्यात बोटं चेंगरली तर कोणाचाही हात निघेल. माझाही निघाला असता. त्याचा मी तुला कधीच दोष दिला नाही. लिहून ठेव.

पण गोदामाच्या साहेबांनी विचारलं, "झालं काय?" आणि तू सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणालास, "दादा टेकव म्हणाला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तुझ्या बायकोला सातवा महिना होता. मी तोंडातून ब्र काढला नाही.

मला वाटलं, तू संध्याकाळी एकटा येशील. चार ते सहा भेटीची वेळ. मी एकोणीस दिवस वॉर्डात होतो आणि रोज चार वाजता दाराकडे तोंड करून पडायचो. तसं पडणं पाठीला वाईट होतं, सिस्टर ओरडायच्या. तू चारदा आलास. पंखा फार आवाज करतो म्हणालास. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची चौकशी केलीस. चौथ्या वेळी, तुला मुकादम केल्याचं सांगितलंस. मग आला नाहीस.

तेही मी गिळलं होतं. भीतीने एकदा खोटं बोललास, असं मनाशी धरलं होतं. पण प्रत्येक नव्या जोडीला, सात वर्षं, जिन्यात उभं करून? त्याला भीती म्हणत नाहीत.

तुझ्या वहिनीला मी हे परवा सांगितलं. तोवर तीही तेच धरून होती. मी जिना उतरू लागलो की आतून हाक यायची, "हळू! घाईनंच घात केलाय तुमचा." सात वर्षं मी ते ऐकलं आणि हळू उतरलो. परवा ती माझ्या पाठीला बाटली लावत होती, तेव्हा बोललो. तिने बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "मला तरी सांगायचंत." आज मी लिहायला बसलो तेव्हा डोकावून गेली. "त्याला पाठ शेकायला शिकवताय? कान उपटा त्याचे." आणि कामावर गेली. जिन्यावरून हाक मारली नाही.

कान उपटत नाही. एक सांगतो.

तुझ्या गोष्टीतून ती पोरं चुकीचं शिकताहेत. खालच्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे शिकताहेत. उद्या वरच्याची बोटं अडकतील आणि तो ओरडणार नाही, कारण ओरडायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तूही ओरडला असतास तर मी गुडघा लावून क्षणभर पेललं असतं. क्षणभर पुरलं असतं.

नवी जोडी येईल तेव्हा तिला जिन्यात उभं कर आणि खरं सांग. माझी बोटं अडकली, मी ओरडलो नाही, मी हात काढला. खालचा माणूस काही बोलला नव्हता. एवढंच. साहेबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. टकल्या तिथे असेलच, त्याच्याकडून मला कळेल.

कळलं की मी येईन. चौथा व्यायाम लिहून समजत नाही. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, एक हात पुढे आणि दुसऱ्या बाजूचा पाय मागे लांब करायचा, आणि तेवढा वेळ कंबर तसूभर हलू द्यायची नाही. ती हलली हे आपलं आपल्याला कळत नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाठीवर तळहात ठेवावा लागतो. माझ्या पाठीवर त्या बाईंनी ठेवला होता. तुझ्या पाठीवर मी ठेवीन. हात काढण्याआधी सांगेन.

नाही कळलं, तर तीन व्यायाम तुझ्याजवळ आहेत. त्यांनीही बरं वाटतं.

आता हे पत्र टाकायला निघतो. आज पेटीला नुसता हात लावून परत येणार नाही.

त्या जिन्यात काहीही न बोललेला,
दादा